प्रतिक्रियेसाठी दोन दिवस

"पाठीतनं उचलू नका, मॅडम. गुडघ्यात वाका."

आवाज मागून आला आणि सुनयनाच्या हातातली वीस किलोची लोखंडी प्लेट तिच्याच पायावर पडायची राहिली. सकाळपासून तिला जो तो काहीतरी शिकवत होता. रिक्षावाल्यानं बेळगावहून सांबरा गावाचा जवळचा रस्ता शिकवला. वजनकाटा उसना देणाऱ्या बटाट्याच्या व्यापाऱ्यानं काटा कसा मांडायचा ते शिकवलं. तालमीचे वस्ताद मारुतीराव यांनी आखाड्याच्या कुठल्या अंगानं आत यायचं ते शिकवलं. आणि आता हे कोण उपटलं?

दारात एक उंच, सावळा तरुण रेनकोट काढत उभा होता. बाहेर आषाढाचा पाऊस कंटाळल्यासारखा पडत होता. त्याच्या भुवयांवरून थेंब ओघळत होते, आणि ते पुसायचं सोडून तो तिच्या वाकलेल्या पाठीकडे काळजीनं बघत होता.

"मला जमतंय," ती म्हणाली.

"व्हय, दिसतंय की."

त्यानं पुढं येऊन ती प्लेट एका हातानं उचलली आणि दुधाचं पातेलं ठेवावं तशी अलगद काट्यावर ठेवली. काट्यावर आकडा आला – अठरा किलो सातशे ग्रॅम. सुनयनानं वहीत तो टिपून घेतला. त्या तरुणाच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र हळूहळू मावळलं.

"काटा कुणाचा?"

"बटाट्याच्या व्यापाऱ्याचा."

"माल घ्यायचा हाय का विकायचा?"

"म्हणजे?"

"म्हणजे... घ्यायचा असंल तर कमीच दाखवणार की."

तिला हसू आलं. हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. ती कामावर होती. "तुम्ही कोण?" तिनं शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

"दीपंकर कोलकार. उद्यमबागेत फाउंड्रीत हाय, माल तपासायचं काम. ह्या प्लेटा आमच्याच भट्टीतल्या. दांडी एका अंगाला कलतीय म्हणून वस्तादांनी फोन केल्ता."

सुनयनानं पेन सरसावलं. "मग यावर तुमची प्रतिक्रिया? वीस किलोच्या प्लेटमध्ये एक किलो तीनशे ग्रॅम कमी आहेत."

त्यानं प्लेट उलटीपालटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बघून सांगतो."

पुढं हे दोन शब्द आपल्याला किती छळणार आहेत याची सुनयनाला तेव्हा कल्पना नव्हती.

सुनयना मधाळे मूळची निपाणीची. बंगळूरच्या एका ऑनलाईन वृत्तपत्रासाठी ती खेळाच्या धंद्यावर लिहायची. सामना कोण जिंकलं हा तिचा विषय नव्हता. संघ कुणी विकत घेतला, जर्सीवर नाव कुणाचं, कबड्डीच्या मॅट कुठल्या गोदामातून येतात आणि त्या वेळेवर का येत नाहीत, हा तिचा विषय. सात वर्षं ती हे काम करत होती, आणि सात वर्षांत घरच्यांना ते समजलं नव्हतं. आप्पांचे मित्र भेटले की विचारायचे, "काय, काल कोण जिंकलं?" तिला माहीत नसायचं. मग ते आप्पांकडे कीव करत बघायचे. आत्या प्रत्येक हंगामात क्रिकेटची चार तिकिटं मागायची आणि मिळाली नाहीत की दिवाळीपर्यंत बोलायची नाही. मागच्या वर्षी बघायला आलेल्या मुलानं तर सरळ विचारलं होतं, "खेळाची पत्रकार आहेस, तर मग टीव्हीवर का दिसत नाहीस?" तिनं त्याला चहा दिला आणि आत निघून गेली होती. बेळगावात टिळकवाडीत खोली घेऊन एकटी राहण्यामागे कामापेक्षा हा वैतागच जास्त होता.

पण हे प्रकरण वेगळं होतं. एका मोठ्या कंपनीनं देणगी म्हणून सीमाभागातल्या दोनशे तालमींना व्यायामाचं सामान वाटलं होतं. सुनयना त्यावर एक साधा, निरस लेख लिहीत होती. लिहिता लिहिता वाहतुकीच्या पावत्या तिच्या हाती लागल्या, आणि तिच्या लक्षात आलं की ट्रकमध्ये चढलेलं लोखंड कागदावरच्या लोखंडापेक्षा बरंच हलकं आहे. हुबळीच्या पुरवठादारानं फोन उचलायचं बंद केलं, तेव्हा तिची खात्रीच पटली.

वस्ताद मारुतीरावांनी त्या दिवशी निघताना जे सांगितलं, ते तिच्या मनातून जाईना. "आमची एक पोरगी शंभर किलो उचलायला लागली म्हणून मी सगळ्या गावाला सांगिटलं. स्पर्धेत शंभर तिला जागचं हललं न्हाय. सगळी म्हणाली, पोरगी खोटारडी. दोन महिनं झालं, तालमीत पाऊल न्हाय टाकलं तिनं. पोरगी खोटी न्हवती ओ... लोखंड खोटं व्हतं."

चार दिवसांनी ती उद्यमबागेत दीपंकरच्या फाउंड्रीत जाऊन उभी राहिली. तो फाटकातच आला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं – "चप्पल चालणार न्हाय."

"मी फक्त बोलायला आलेय."

"आत रस ओतायचं चाललंय. एक ठिणगी पुरं हाय, मॅडम."

त्यानं तिला जाडजूड काळे बूट आणून दिले. ते दोन नंबरांनी मोठे होते, म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या. मग चष्मा. मग टोपी. कामगार हसू दाबत होते. मालक कल्लाप्पा केबिनमधून कानडीत ओरडले, "बर्री मॅडम, कूड्री!" आणि बसायला खुर्ची पुढं केली. साठीतला गोल चेहऱ्याचा, मिठ्ठास माणूस. दीपंकर सोळा वर्षांपूर्वी शाळा सुटल्यावर इथं झाडू मारायला आला होता. कल्लाप्पांनीच त्याला डिप्लोमाची फी भरून शिकवलं होतं. हे त्यांनी दोन मिनिटांत दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा दीपंकरनं मान खाली घातली.

दीपंकरनं तिला सगळं दाखवलं. वाळूत ठसा कसा उमटवतात, त्यात वितळलेलं लोखंड कसं ओततात, थंड झाल्यावर कडा कशा घासतात. नारिंगी रसाचा उजेड त्याच्या गालावर पडला होता आणि भट्टीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून त्याला तिच्या कानाशी वाकावं लागत होतं. सुनयना वहीत लिहीत होती. नंतर पाहिलं तर त्या पानावरचं एकही अक्षर तिला लागलं नाही.

"मग वजन कमी भरलं कसं?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"माझ्या रजिस्टरात सगळ्या प्लेटा बरोबर हायत."

"मग तालमीत कमी का?"

"बघून सांगतो."

"कधी?"

"बघितल्यावर."

तिनं दीर्घ श्वास घेतला. समोरच्या टपरीवर त्यानं दोन चहा सांगितले. तिनं पर्समधून स्वतःचे पैसे काढून टपरीवाल्याला दिले.

"हे काय?"

"नियम आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याचा चहा घ्यायचा नाही."

"पाण्याचं काय?"

"पाणी चालतं."

"मग पाणी घ्या," त्यानं गंभीरपणे ग्लास पुढं केला. "आमच्या भट्टीचं न्हाय. नळाचं हाय."

तिच्या गालावर काळा डाग पडला होता. तो त्याला मघापासून दिसत होता, आणि त्याला दिसतोय हे तिलाही दिसत होतं. शेवटी त्यानं खिशातून घडी केलेला रुमाल काढला... थबकला... "हा बी चालत न्हाय का नियमात?"

"नाही चालत."

"मग तसंच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "वाईट न्हाय दिसत."

टिळकवाडीपर्यंत ती पायीच आली. सबंध रस्ता स्वतःवर चिडत आली.

ठरलं असं की तपासणी खात्रीच्या काट्यावर, खात्रीच्या वजनांनी करायची. तसा काटा दीपंकरकडे होता. रविवारी त्याला सुट्टी. दोनशेपैकी अकरा तालमी तिनं निवडल्या – काही खानापूरकडच्या, काही निपाणीच्या वाटेवरच्या. सुनयनाचा हिशोब सरळ होता. दिवसाला चार, म्हणजे तीन रविवारांत काम फत्ते.

पण दीपंकर. पहिल्या रविवारी एक तालीम झाली आणि तो म्हणाला, "आज एवढंच."

"दुपारचे बारा वाजलेत!"

"काटा लई हलवला की बिघडतो. त्याला इसावा लागतो."

"काट्याला विसावा?"

"नाजूक असतोय तो."

दुसऱ्या रविवारी त्याला वजनं पुन्हा तपासून आणायची होती. तिसऱ्या रविवारी पाऊस. चौथ्या रविवारी पाऊस नव्हता, म्हणून वाटेत थांबून मक्याची कणसं भाजून घ्यायची होती. तिनं स्वतःचं कणीस स्वतःच्या पैशानं घेतलं. बंगळूरहून संपादक प्रियदर्शनी मॅडमचे निरोप यायचे, "सुनयना, बातमी कुठं अडलीय?" काय सांगणार? की काटा विसावा घेतोय?

आणि तरीही... शनिवार उजाडला की ती हवामान बघायची. मोटारसायकलवर काटा दोघांच्या मध्ये बांधलेला असायचा. खड्डा आला की दीपंकर मागं न बघता म्हणायचा, "धर." पहिल्यांदा तो "धरा" म्हणाला होता. बदल कुठल्या रविवारी झाला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तालमीत तो प्लेट उचलायचा, ती आकडा लिहायची. आकडा वाचून तो प्लेटची कडा पुन्हा अंगठ्यानं चाचपायचा. एकदा परतीच्या वाटेवर त्यानं विचारलं, "सुनयना, हे सगळं छापून आलं की काय हुईल?"

तो तिचं नाव पहिल्यांदाच घेत होता.

"ज्यांनी केलंय त्यांना उत्तर द्यावं लागेल. आणि ती सांबऱ्याची मुलगी खोटी नव्हती, हे लोकांना कळेल."

"आन् आमच्या भट्टीत झालं असंल तर?"

"तर तुमच्या भट्टीचं नाव येईल."

मोटारसायकल त्यानं त्या दिवशी फारच हळू चालवली.

अकरावी तालीम झाली आणि दीपंकर गायब झाला. फोन उचलेना. निरोपाला उत्तर नाही. एक दिवस, तीन दिवस, नऊ दिवस. सुनयना संतापली. हा माणूस मालकाच्या बाजूनं गेला असणार. यानं आपल्याला अडीच महिने झुलवलं. नवव्या दिवशी ती आंघोळीला जातानाही फोन सोबत घेऊन गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण प्रतिक्रियेची वाट बघत नाही आहोत. तो जेवला असेल का, याचा विचार करतोय. ती बादलीशेजारी स्टुलावर बसली आणि स्वतःला म्हणाली, "झालं का समाधान?"

दहाव्या दिवशी तो तिच्या फाटकाशी उभा होता. डोळे खोल गेलेले, हातात प्लास्टिकची पिशवी.

"बघितलं," तो म्हणाला.

पिशवीत फोटो होते आणि एका रजिस्टराच्या प्रती. वाळूत ठसा उमटवायचा जो लाकडी साचा असतो, त्याचा दुसरा, तीन मिलिमीटरनं पातळ जोड त्याला सामानाच्या खोलीत सापडला होता. पुरवठादारानं तो बनवून आणला होता. दीपंकर सुट्टीवर असायचा त्या दिवशी त्यावर माल ओतला जायचा. त्याचं रजिस्टर वेगळं होतं, आणि त्यावर कल्लाप्पांच्या सह्या होत्या.

"त्यांना विचारलंस?"

"व्हय. रडले. म्हणाले, भट्टी बंद पडायच्या बेतात होती, चाळीस माणसांचा पगार द्यायचा होता. मला म्हणाले, तू माझ्या मुलासारखा हायस, गप ऱ्हा." तो फाटकाच्या कडीशी चाळा करत होता. "आठ दिवस गप ऱ्हायलो. मग त्या पोरीची आठवण झाली."

"तुझं नाव घालावं लागेल, दीपंकर. नाव न देता हे टिकणार नाही."

"घाल."

"नोकरी जाईल."

"घाल म्हटलं न्हवं?"

या माणसानं पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीचं उत्तर तिथल्या तिथं दिलं होतं. सुनयनानं पिशवी घेतली. तिला त्याचा हात धरायचा होता. तिनं पिशवीच धरली, दोन्ही हातांनी. तो गेला. ती खोलीत आली, लॅपटॉप उघडला, पहिली ओळ लिहिली... आणि थांबली.

सात वर्षांतली तिची सगळ्यात मोठी बातमी. पण ज्या माणसाच्या शब्दावर ती उभी होती, त्याचा शब्द ती आता तोलून बघू शकत नव्हती. तिला तो खराच वाटणार. उद्या पुरवठादाराचा वकील विचारणार, ही बाई आणि हा माणूस दर रविवारी एका गाडीवरून कुठं जात होते? मग बातमी गेली, आणि पुन्हा ती पोरगीच खोटी.

दुपारभर तिनं खोलीत येरझाऱ्या घातल्या. दीपंकरला शिव्या घातल्या, स्वतःला घातल्या, मध्येच आत्यालाही घातल्या. संध्याकाळी संपादकांना लिहिलं – "सगळी कागदपत्रं सोबत जोडली आहेत. ही बातमी मी लिहू शकत नाही. मुख्य साक्षीदाराच्या बाबतीत माझी भावनिक गुंतवणूक झाली आहे. त्याला याची काहीही कल्पना नाही, आणि ती दिली जाऊ नये."

प्रियदर्शनी मॅडमचं उत्तर अर्ध्या तासात आलं. बातमी दुसरा वार्ताहर ओमकार याच्याकडे जाईल, सगळं पुन्हा पडताळलं जाईल, तिचं नाव कुठंही लागणार नाही. खाली एक ओळ – "सुनयना, हे सोपं नव्हतं, मला कळतंय. रविवारी कणकुंबीच्या जंगलात दहा किलोमीटरची धावण्याची शर्यत आहे. अशा शर्यतींचा धंदा हल्ली जोरात आहे. जरा हवापालट म्हणून ते कर."

हवापालट! भाद्रपदाच्या पावसात कणकुंबीला!

शनिवारी दुपारी ती जीपमध्ये बसली होती. जांबोटी मागं पडली आणि ओमकारचा फोन आला.

"अगं, तुझा तो माणूस पक्का आहे. सगळे कागद जुळतात. फक्त एक राहिलंय. तुमच्या नात्याबद्दल त्याला काल विचारलं, त्यानं पुष्टी केली नाही."

सुनयनानं फोन कानाशी घट्ट दाबला. "तू... त्याला... काय विचारलंस?"

"तू लिहिलंयस ना, भावनिक गुंतवणूक? दोन्ही बाजू घ्यायला नकोत? तो म्हणाला, दोन दिवस द्या, बघून सांगतो."

"ओमकार, शेवटची ओळ वाचलीस का? त्या पत्राची शेवटची ओळ?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग एक फार बारीक "अरे देवा," आणि पुढं डोंगर आला, झाडी आली, फोन तुटला. त्यानंतर कणकुंबीत रेंज म्हणून आलीच नाही. त्या संध्याकाळी सुनयनानं शर्यतीच्या आयोजकांना इतके तिरकस प्रश्न विचारले, की बिचाऱ्यांनी तिला तीन टी-शर्ट देऊ केले. तिनं नियम म्हणून तेही नाकारले.

रविवारी सकाळी सातव्या किलोमीटरवरच्या पाण्याच्या टेबलापाशी ती उभी होती. टेबल गावच्या मालुबाई सांभाळत होत्या – लिंबू, मीठ, गूळ, पाणी. धुकं इतकं, की धावणारे अचानक उगवायचे आणि विरघळून जायचे. साडेनऊपर्यंत सगळे गेले. मालुबाई आवरायला लागल्या आणि धुक्यातून आणखी एकजण आला. छातीवर चारशे बारा नंबर. गुडघ्यापर्यंत चिखल. पायात फाउंड्रीतले काळे जाडजूड बूट.

"तू?" सुनयना ओरडली. "तू इथं काय करतोयस?"

"पळतोय," दीपंकर धापा टाकत म्हणाला.

"या बुटांत?"

"गाडी फाट्यावर आडवली... म्हणाले, आत फक्त पळणारी माणसं. मग नाव नोंदवलं." त्यानं टेबलाला हात टेकले. "खोलीवर गेल्तो. मालकीणबाई म्हणाल्या, कणकुंबीला गेलीय. फोन लागंना."

मालुबाईंनी त्याच्या हातात पाणी दिलं, एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि आवरणं थांबवून स्टुलावर बसल्या.

"ओमकारचा फोन आल्ता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणाला, सुनयनाची तुमच्यात गुंतवणूक हाय. मला वाटलं, पैशाची. मी म्हटलं, न्हाय ओ, आमच्यात पैशाचा काय बी संबंध न्हाय, ती चहासुद्धा स्वतःच्या पैशानं पिती. तर तो म्हणाला... तसली न्हाय. दुसरी."

सुनयनानं डोळे मिटले. "आणि तू दोन दिवस मागून घेतलेस."

"व्हय."

"दोन दिवस! काय बघणार होतास तू? काट्यावर ठेवून बघणार होतास?"

"तुला बघणार हुतो," तो म्हणाला. "असलं फोनवर कसं सांगायचं?"

धुक्यात कुठंतरी पाणी पडत होतं. सात वर्षं माणसांना प्रश्न विचारून जिनं पोट भरलं, तिला एक साधा प्रश्न सुचेना. तिनं खाली बघितलं आणि किंचाळली, "जळू!"

त्याच्या मोज्याच्या वर एक चांगली फुगलेली जळू चिकटली होती. मालुबाईंनी मिठाची वाटी पुढं सरकवली. सुनयना गुडघ्यांवर बसली आणि चिमटीनं मीठ टाकायला लागली.

"हलू नकोस."

"न्हाय हलत." त्याचा आवाज तिच्या डोक्यावरून आला. "सुनयना, एक सांगायचं हाय. चिडू नको."

"चिडलेलीच आहे. सांग."

"त्या अकरा तालमी... तीन रविवारात झाल्या असत्या."

तिची चिमटी हवेत थांबली.

"काटा नाजूक बिजूक काय नसतोय. लोखंडाचा हाय तो. मीच दर रविवारी एक एक तालीम राखून ठेवत हुतो. संपल्या की तू जाशील म्हणून."

"म्हणजे तू..." ती उठली. "माझी बातमी... मुद्दाम लांबवलीस? अडीच महिने? मी संपादकांना काय काय कारणं सांगितली! मी काट्याबद्दल वाचत बसले, इंटरनेटवर, काट्याला विसावा लागतो का म्हणून!"

"काय लिहिलं हुतं?"

"दीपंकर!"

"तुझं खरं हाय," तो घाईनं म्हणाला. "मी चुकलो. पण तू लिहिलंस ते जर खरं असंल... तर माझं बी तेच हाय. पहिल्या दिवसापास्नं. तू ती प्लेट उचलत हुतीस तवापास्नं."

जळू गळून पडली. त्याच्या पोटरीवरून रक्ताची बारीक रेघ ओघळली. तिनं पुन्हा खाली बसून ओढणीचं टोक त्यावर दाबून धरलं. आणि मग मान वर केली, तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कपाळावर आठ्याही होत्या. दोन्ही एकदम.

"बातमी माझी गेली," ती म्हणाली. "सात वर्षांतली मोठी."

"नोकरी मी काल सोडली. कल्लाप्पाअण्णांच्या पाया पडलो आन् आलो. त्यांनी बी डोक्यावर हात ठिवला." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "आपण दोघंबी रिकामी हाय म्हणायची."

मालुबाईंना आता राहवेना. "अवो, पुढच्या वळणाला फोनला रेंजच्या दोन काड्या येत्यात. ज्येला कुणाला सांगायचं ते तिथनं सांगा. मला टेबल उचलायचंय."

दोघं चालायला लागली. तिचे सँडल चिखलात रुतत होते, म्हणून त्यानं हात पुढं केला. तिनं धरला. वळणावर खरंच दोन काड्या आल्या आणि दीपंकरनं आपला फोन हातात घेतला न घेतला तोच तो वाजला.

"कोलकार साहेब, ओमकार बोलतोय. आधी माफी मागतो, माझी फार मोठी चूक झाली. पण... दोन दिवस झाले. बातमी तयार आहे. नात्याबद्दल काय लिहू? एका वाक्यात सांगितलंत तरी चालेल."

दीपंकरनं फोनवर हात ठेवला. "एका वाक्यात म्हणतोय."

"मग सांग की."

"लग्न करणार हायत, असं सांगू का?"

"कोणी ठरवलं?"

"कुणी न्हाय अजून. विचारतोय."

सुनयनानं कपाळावर हात मारला. धुकं, चिखल, पोटरीवर रक्त, फोनवर तिसरा माणूस. "असं विचारतात का रे? कुणीतरी असं विचारतं का?"

"मी काहीच ऐकत नाहीये," फोनमधून ओमकारचा आवाज आला. "फक्त मॅडम थांबल्यात, म्हणून जरा..."

पाऊस सुरू झाला. झाडांवरून आधी आवाज आला, मग थेंब. दीपंकर तसाच उभा होता, चारशे बारा नंबरचा कागद छातीवर भिजत होता, आणि तो तिच्याकडे बघत होता – घाई न करता, जसा तो सगळंच करायचा तसा. या माणसाबरोबर आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर होणार नाही, हे तिला त्या घडीला लख्ख दिसलं.

"व्हय म्हण त्याला," ती म्हणाली. "आणि ठेव तो फोन."

त्यानं ठेवला.